मांडीवर कोरलेलं नाव

सर, काल तुमची शोकसभा झाली. कॉलेजच्या सभागृहात तुमचा तो कोटातला फोटो ठेवला होता, ज्यात तुम्ही तुमच्यासारखे अजिबात दिसत नाही. जो उठला तो म्हणाला, धकाते सर फार मोठ्या मनाचे होते. पहिल्यानं म्हटलं तेव्हा मला भरून आलं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. सगळी माणसं एका माणसाबद्दल एकच बोलू लागली की हे कुणीतरी आधी ठरवून दिलंय असं मला वाटतं. तुम्ही हसला असता. "गजभिये देवळात गेली तं देवालेबी ओळखपत्र मागन," असं तुम्ही एकदा स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणाला होतात. मी म्हटलं, सर, मी देवळात जातच नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणून तं देव वाचला."

मलाही चार शब्द बोला म्हणाले. तुमची जुनी विद्यार्थिनी, तुमच्याच विभागात तुमच्याच हाताखाली शिकवणारी, म्हणजे मी बोलायलाच हवं होतं. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं, आणि ते सगळं कौतुकाचं नव्हतं.

अख्ख्या नागपुरात माया लोकांच्या राजांवर जीव टाकणारे तुम्ही एकटेच असाल. एम. ए.च्या प्राचीन संस्कृतींच्या पेपरात त्यांना जेमतेम एक कोपरा होता. तुम्ही त्या कोपऱ्यात आमचा अर्धा हिवाळा काढायचात. प्राचार्यांना बरेच दिवस वाटत होतं की तुम्ही वेदान्त शिकवता. बाहेर कुठं व्याख्यान दिलंत की शेवटी एक तरी टोपीवाले गृहस्थ उठून विचारायचेच, "हे माया म्हणजे आपल्या मयासुराचेच वंशज ना?" तुम्ही कपाळाला हात लावायचात आणि तरी त्यांना घोटभर चहा पाजून, मेक्सिको कुठं आणि महाभारत कुठं ते समजावून सांगायचात.

त्यांच्या राजांपेक्षा राजांच्या पदव्यांचा तुम्हाला जास्त नाद. फळ्यावर लिहायचात, अहाव म्हणजे स्वामी. बताब म्हणजे गावचा मुखिया, आपला पाटील समजा. आणि स्पॅनिश लोक आले तेव्हा उत्तरेच्या मुलखात जो सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला होता तो हालाच विनिक. या शब्दांचा अर्थ तुम्ही खडू खाली ठेवून सांगितला होतात. खरा माणूस. राजाची पदवी काय, तर खरा माणूस. वर्ग भारावून गेला. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबा गिरणीत होते, छप्पन साली मला बोटाला धरून दीक्षेला घेऊन गेले होते. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "राजाले खरा माणूस म्हणत? मंग बाकीचे कोन होते वं? आमाले नुसतं माणूस म्हणवून घ्याले किती पिढ्या गेल्या."

दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुझ्या वडलांना एकदा माझ्या घरी घेऊन ये. तेव्हा आणायचं राहिलं. पुढं माझ्याच मनातून ते गेलं, कारण तोवर मला तुमचा संशय येऊ लागला होता.

तो कसा आला, ते आज सांगते.

तुम्ही वर्गात आणलेलं ते चित्र आठवतं ना? दगडी चौकटीवरचं कोरीवकाम, तुम्ही स्वतः कागदावर उतरवलेलं. तुमच्या घरी सक्करदऱ्याला पुढच्या खोलीत भावाचा माग होता. त्या मागावर लुगड्याच्या काठाची नक्षी ज्या चौकड्यांच्या कागदावर काढतात, त्याच कागदावर तुम्ही माया राजे काढायचात. एक माणूस भाला घेऊन उभा, एक त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेला, आजूबाजूला चौकोनी अक्षरं. तुम्ही सांगितलंत की बसलेला तो राजा. राज्यावर येण्यापूर्वी तो व्रत करतो आहे, उभा आहे तो धर्मगुरू आशीर्वाद देतो आहे. तुम्ही अक्षरंही वाचून दाखवलीत, म्हणजे ज्यांचा अर्थ तेव्हा लागला होता तेवढी. आणि ती तुम्ही खालून वर वाचलीत. कोष्ट्याच्या घरात वाढलेल्या माणसाची ती चूक. मागावर कापड खालून वाढत जातं, म्हणून नक्षीही खालून वाचायची, हे तुमच्या हाडीमासी भिनलेलं. त्यामुळे खालचा माणूस तुमचा पहिला, म्हणजे राजा झाला.

मी उठले. म्हटलं, सर, याचे हात बांधलेले आहेत. तुम्ही म्हणालात, व्रताचा दोरा असेल. मी म्हटलं, व्रताच्या दोऱ्यानं कोणी दंड आवळत नाही. आणि याच्या मांडीवर जे चिन्ह कोरलंय, तेच त्या उभ्या माणसाच्या नावाजवळ वरती पुन्हा आलंय. राजाच्या मांडीवर कोणी नाव लिहील का? वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चित्र उलटंसुलटं करून पाहिलंत आणि तास संपायच्या आधीच निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या म्हणालात, गजभिये बरोबर आहे. तो कैदी आहे. परदेशातल्या एका बाईनं हे आधीच दाखवून दिलंय आणि मी तो लेख वाचूनही माझ्याच चुलीवर माझीच भाकरी भाजत बसलो. मग तुम्ही ती पदवी आम्हाला समजावून सांगितलीत. लढाईत एखादा मानाचा माणूस पकडला की माया राजा त्याचं नाव आपल्या नावाला जोडायचा. अमक्याला धरणारा. पुढं जन्मभर, कुठलाही दगड कोरला तरी राजाच्या नावापुढं ते यायचंच. कैद्याचं पुढं काय झालं ते दगड सांगत नाही. त्याचं नाव तेवढं राजाच्या पदवीत उरायचं. त्या दिवशी मी घरी पाखरासारखी उडत गेले.

नंतर कळमेश्वरच्या वाचनालयात तुमचं व्याख्यान होतं. मला तुम्ही मुद्दाम सोबत नेलंत. एस. टी.त मला खिडकीजवळची जागा दिलीत, माझ्यासाठी चिवडा घेतलात. व्याख्यानात तुम्ही ती सगळी हकीकत सांगितलीत, माग, काठाची नक्षी, तुमची चूक. आणि मग म्हणालात, "माझ्या राजाला खाली बसवणारी ही मुलगी इथं आली आहे. उठा, गजभिये." मी उठले. आडनाव ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, सर, आपलं मन मोठं. टाळ्या पडल्या. त्या तुम्हाला पडल्या, सर. मी उभी होते आणि टाळ्या तुम्हाला पडत होत्या.

त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं इतक्या ठिकाणी ही हकीकत ऐकली. सत्कारात, स्नेहसंमेलनात, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत सुद्धा. तुमचे दुसरे विद्यार्थी होते, त्यांची ओळख तुम्ही "हा माझा विद्यार्थी" एवढ्यावर उरकायचात. माझी वेळ आली की आडनाव यायचं, चूक यायची, आणि तुमचं मोठं मन यायचं. मला वाटायला लागलं की मी तुमची पदवी झाले आहे. गजभियेला पुढं आणणारे धकाते. माझं नाव तुमच्या नावाला जोडलेलं, आणि मी मांडीवर ते मिरवत गुडघे टेकून बसलेली. कृतज्ञ राहावं की चिडावं ते कळायचं नाही. मग मी दोन्ही करायची.

त्यात ती मुलाखत. आपल्याच कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघाली. समितीत अध्यक्ष, प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ आणि तुम्ही. प्राचार्यांनी मराठेशाहीवर विचारलं. तज्ज्ञांनी वाकाटकांच्या ताम्रपटांवर असं काही छळलं की मला घाम फुटला. अध्यक्षांनी विचारलं, मुलांना शिस्त लावता येईल का. मग सगळ्यांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही समोरच्या पेपरवेटशी खेळत म्हणालात, "मला काही विचारायचं नाही."

तुम्हीच शिकवलं होतंत, सर, की नवं कालचक्र सुरू झालं की तो मोठा राजा गावोगावच्या मुखियांना बोलावून कोडी घालायचा. सूर्य ताटात वाढून आण म्हणायचा. जो खऱ्या घराण्यातला असेल त्याला घरात शिकवलेलं असायचं की सूर्य म्हणजे तव्यावरचं अंडं. ज्याला उत्तर आलं नाही तो तोतया, त्याला पदावरून हाकलायचं. मला नोकरी मिळाली. पण माझ्या राजानं मला कोडं घातलंच नाही. ज्याला कोडं घातलं नाही तो खरा की तोतया, हे त्याला कसं कळावं? बाहेर लोक बोलायला मोकळे होते. राखीव जागा होती, आधीच ठरलेलं होतं, धकातेचं माणूस आहे. मी त्यांच्या तोंडाला लागत नव्हते, कारण आतून मलाही तेच वाटत होतं. तुम्ही आधीच सगळं जमवून ठेवलं असणार, म्हणून विचारायची गरज पडली नाही. किंवा मला येणार नाही अशी भीती वाटली असणार. दोन्हींपैकी कोणतं वाईट, ते मी ठरवू शकले नाही.

आणि तुमचे उपकार तरी किती. तुमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. परदेशातून येणारं नियतकालिक तुम्ही फोडायच्या आधी माझ्या टेबलावर ठेवायचात. प्रताप नगरात मी खोली शोधत होते तेव्हा घरमालकानं आडनाव विचारलं आणि खोली एकाएकी कुणाला तरी दिलेली निघाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकल हाणत तिथं गेलात. काय बोललात ते मला कधी सांगितलं नाहीत. संध्याकाळी मालक स्वतः किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "सरांची मानसं हा तुमी, आधी नाई का सांगाचं?" मी त्या खोलीत बाबांना घेऊन राहायला गेले. बाबा खूष होते, तुम्हाला भेटायचंय म्हणत राहायचे. मी आज नेते, उद्या नेते करत राहिले. मला भीती वाटायची की तुम्ही त्यांनाही कुठंतरी उभं कराल आणि टाळ्या पडतील. बाबा तुम्हाला न भेटताच गेले. त्यांच्यासाठी तुम्ही आलात तेव्हा बराच वेळ अंगणात नुसते उभे होतात आणि मी तुमच्याकडं पाहिलं नाही.

महिन्यापूर्वी तुम्ही खाटेवर होता. खोकला थांबत नव्हता, तरी मी आल्याबरोबर उशीला टेकून बसलात आणि भांडण उकरून काढलंत. तोच तो हिरव्या जेड दगडाचा मुखवटा घातलेला माया राजा, देवळाच्या पोटात पुरलेला. दगडावर लिहिलंय की तो ऐंशी वर्षं जगला. हाडं पाहिलेले लोक म्हणतात की हा चाळिशीचा माणूस.

"दगडावर ऐंशी आहे तं ऐंशी," तुम्ही म्हणालात.

"दगड कोरणारा राजाचा नोकर होता, सर. हाडं कुणाचीच नोकर नसतात."

"हाडं पाहणाराबी माणूसच आहे ना वं. त्याची नजर नाई चुकत?"

"राजाची जीभ जास्त चुकते."

"तुले या जगात कोनाचा भरवसा आहे, मले एकदा सांग."

"हाडांचा."

तुम्ही इतके हसलात की काकूंना आतून पाणी घेऊन यावं लागलं. "मंग मी मेलो का माही हाडं तपासजो," म्हणालात. घाटावरून परत येताना मला तेच आठवत होतं. तुम्ही तर तपासायला काही ठेवलं नाहीत.

त्या दिवशी मी मुलाखतीचं विचारणार होते. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात शेजारचे मोसंबी घेऊन आले, तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, "हे गजभिये, माझ्या राजाला खाली..." आणि मी पिशवी उचलून निघाले. पायऱ्या उतरताना तुमचा आवाज ऐकू येत होता, तुम्ही ती हकीकत पूर्ण करत होता. आपली शेवटची भेट ही अशी झाली, सर. मला तिचं फार वाईट वाटतं.

काल सभेनंतर मी सक्करदऱ्याला गेले. बायका उठून गेल्या, काकू आणि मी उरलो. त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि तो पिईपर्यंत समोर बसून राहिल्या. मी विचारूनच टाकलं.

"काकू, माझ्या मुलाखतीला सर होते. सगळ्यांनी मला विचारलं, त्यांनी एक शब्द विचारला नाही. घरी कधी काही बोलले का?"

"इतक्या वर्षानं काहून विचारून राहिली?"

"त्यांनाच विचारणार होते."

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "भेव लागलं होतं त्यायले."

"कशाचं?"

"तुयं." काकू म्हणाल्या. "म्हणे, मी काई विचारलो का हे पोट्टी माह्यासंगं भांडन. मी एक म्हणन तं ते दुसरं म्हणन. आन त्या समद्या लोकायसमोर भांडली तं ते म्हणतीन, आतापासूनच साहेबाले जुमानत नाई, हिले कायले घ्या. म्हणून तोंड शिवून बसलो म्हणे. आले तं धड जेवले नाई. तुयं नोकरीचं पत्र येईपर्यंत मले सारखे विचारत, 'विचाराले पाह्यजे होतं का वं? तिले काय वाटलं असन?' मी म्हटलं, मले काय विचारता, तिलेच विचारा ना. तं म्हणे, तिले विचारलं का पुन्हा भांडन."

मी घरी आले आणि माझ्या सवयीनं काकूंवरही संशय घेऊन पाहिला. दुःखात बसलेली बाई समोरच्याचं मन राखायला काहीही सांगू शकते. पण काकू मन राखणाऱ्यातल्या नाहीत. त्याच बैठकीत त्यांनी मला सांगितलं होतं की ही साडी तुला मुळीच शोभत नाही, आणि जाऊबाईंना सांगितलं होतं की त्यांचं रडणं खोटं आहे. शिवाय ते बोलणं तुमचंच होतं. ते कुणाला रचता आलं नसतं.

तर मग आता माझंही ऐका. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी एकाच प्रश्नाची तयारी करत होते. तुम्ही मला माया राजांवरच विचाराल याची मला खात्री होती. राजा आधी की पुरोहित आधी, हा तुमचा लाडका प्रश्न. तुमचं मत होतं की देवाचं बोलणं ज्याला कळायचं तोच पुढं राजा झाला. माझं उत्तर तयार होतं, की ज्यानं आधी दुसऱ्याचे हात बांधले तो राजा झाला, आणि देव त्यानं नंतर बोलावून घेतला. तुमचं मत कुठं कुठं लंगडं पडतं त्याचे मुद्देही मी काढले होते. मी ते सगळं, त्या समितीसमोर, तुमच्या तोंडावर म्हणणार होते. तुम्ही मला इतकं पुरतं ओळखलं होतंत आणि मला वाटत राहिलं की तुम्हाला माझी खात्री नव्हती.

पण म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. तुम्ही मला नोकरी मिळवून दिलीत असं लोक म्हणतात, आणि काकूंचं खरं मानलं तर तुम्ही मला ती गप्प बसून मिळू दिलीत. माझं भांडण आवडतं म्हणून गावोगाव मिरवलंत आणि जिथं ते माझ्या कामाचं होतं तिथं झाकून ठेवलंत. ती समिती बिथरली असती, मला हे कबूल आहे. तज्ज्ञांच्या भुवया चढल्या असत्या, अध्यक्षांनी शिस्तीचा विषय पुन्हा काढला असता, जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. बाबांना अजून काही वर्षं प्रताप नगराआधीच्या त्या जुन्या खोलीत काढावी लागली असती. हे सगळं मी काल रात्रभर उलटसुलट करून पाहिलं आहे.

तुम्ही काकूंना जे विचारत होता ते मला विचारलं नाहीत, तरी उत्तर माझ्याकडं आहे. पाहिजे होतं, सर. विचारायला पाहिजे होतं.